खेळाचा पट आणि घराचा हिशेब

खेळ ही वस्तु स्वस्त कीं महाग, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांस फारसा पडत नसे. ओटीवर खडूनें चार रेघा ओढल्या, झाडाखालचे चिंचोके वेंचले, फुटक्या बांगड्यांचे तुकडे सोंगट्या म्हणून मांडले, कीं पट तयार झाला. आज मात्र हा प्रश्न पुष्कळ घरांत पडूं लागला आहे. शिकलेलीं, मिळवतीं मुलें कामावरून येतांना जाडजूड पुठ्ठ्याची पेटी घेऊन येतात. पेटींत रंगीत पट, लांकडी सोंगट्या, शेंदीडशें पत्ते व वीस-पंचवीस पानांची नियमावली असते. वडील माणसें पेटीवरील किंमत वाचतात आणि "एवढ्यांत महिन्याचें वाणसामान आलें असतें" असें म्हणतात. मुलें रुसतात, वडील चिडतात आणि पेटी माळ्यावर जाते. ह्या महिन्यांत ह्याच विषयाचा विचार वाचकांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

आरंभींच सांगतों कीं, मी ह्या छंदाचा वैरी नाहीं. घरांतील चार माणसें चार कोपऱ्यांत मोबाइलवर डोळे लावून बसलेलीं असतां कोणी तरुण "या, बसा, एक डाव मांडूं" असें म्हणत असेल, तर त्याच्या हातून घराची सेवाच होत आहे. परंतु सेवा झाली तरी तिला खर्चाची मर्यादा हवी. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, छंद न मोडतां खर्च कसा मोडावा?

प्रथम हे नवे खेळ कोठून आले व महाग कां, हें पाहूं. क्लाउस टॉयबर नांवाचे एक जर्मन गृहस्थ होते. दांतांच्या कवळ्या बनविणें हा त्यांचा धंदा. संध्याकाळीं घराच्या तळघरांत बसून ते खेळ रचीत आणि त्यांची परीक्षा आपल्या बायकामुलांवर घेत. १९९५ सालीं त्यांचा 'कॅटान' हा खेळ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीं त्यास जर्मनीचें वार्षिक पारितोषिक मिळालें. बेटावर वसाहती करावयाच्या, धान्य, लांकूड, विटा, लोकर व खनिज ह्यांची अदलाबदल करावयाची, असें त्याचें स्वरूप आहे. त्या खेळाच्या यशानंतर अशा खेळांची मोठी लाट जगभर पसरली व ती मुंबई-पुण्यासही पोंचली. आपल्याकडे अशी एक पेटी दोन-तीन हजार रुपयांच्या खालीं सहसा येत नाहीं. पेटी जड व जागा खाणारी, म्हणून वाहतूक महाग. परदेशांतून आली तर जकात. त्यावर व्यापाऱ्याचा नफा. पत्ते, बुद्धिबळ, कॅरम, ल्यूडो इत्यादि पटावरील खेळांवरचा वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १२ वरून ५ वर आला, ही थोडी सवलत म्हणावयाची. तथापि तीन हजारांवर शेंकडा सात म्हणजे दोनशेंदहा रुपये. तेवढ्यानें घराचा हिशेब फिरत नाहीं. तो फिरतो दुसऱ्याच एका गोष्टीनें, आणि ती गोष्ट म्हणजे भागाकार.

खेळाची किंमत पेटीवर छापलेली नसते. पेटीवर छापलेला आंकडा हा केवळ भाज्य होय. भाजक म्हणजे किती माणसें किती वेळां खेळलीं हा गुणाकार. तीन हजारांची पेटी चौघांनीं पांच वेळां खेळून माळ्यावर टाकली, तर वीस बैठकी झाल्या; प्रत्येक माणसामागें प्रत्येक बैठकीस दीडशें रुपये पडले. तीच पेटी चौघांनीं वर्षभर दर शनिवारीं काढली, तर दोनशेंआठ बैठकी होतात व खर्च साडेचौदा रुपयांच्याही आंत येतो. चारशें रुपयांचा बुद्धिबळाचा संच दोघांनीं दहा वर्षें दर रविवारीं मांडला, तर बैठकी एक हजार चाळीस. प्रत्येकीचा खर्च चाळीस पैशांहून कमी. म्हणजे स्वस्त पेटी न खेळतां महाग होते आणि महाग पेटी खेळून स्वस्त होते. ज्या घरांत हा भागाकार समजला तेथें निम्मा वाद मिटला.

परंतु भाजक मोठा होण्यास माणसें लागतात, आणि नेमकी तेथेंच अडचण येते. आमच्याच घरचें उदाहरण देतों. आमचें गांव चिंचोटी. वसई तालुक्यांत, तुंगारेश्वराच्या डोंगराजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. माझा एक पुतण्या मुंबईस नोकरीला आहे. नायगांवची गाडी पकडून तो रात्रीं नवाच्या सुमारास घरीं पोंचतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरून त्याच्या चौदा पेट्या खालीं आल्या. त्यांपैकीं पांच पेट्यांचें वेष्टणही निघालें नव्हतें. माझ्या वहिनी, म्हणजे त्याच्या आई, चिडल्या. "धाकटीची शिकवणी महाग वाटते आणि हें कसें परवडतें?" असें त्यांनीं सर्वांदेखत विचारलें. त्या बोलण्यांत राग होता, पण अन्याय नव्हता. चौदा पेट्यांची बेरीज तीस हजारांच्या वर गेली होती, आणि घरचा खर्च ज्या डब्यांतून होतो त्यांत त्या मुलाचा वांटा तीन महिने उशिरा आला होता.

मुलगा गप्प बसला. रात्रीं जेवणें झाल्यावर तो माझ्यापाशीं येऊन म्हणाला, "काका, खेळायला कोणी बसत नाहीं म्हणून मी नवा खेळ आणतों. वाटतें, हा तरी कोणाला आवडेल. तो कोणी उघडत नाहीं, मग मी पुढचा आणतों." हें ऐकून ती बेरीज मला निराळी दिसूं लागली. त्या तीस हजारांत त्यानें पुठ्ठा विकत घेतला नव्हता. तो गडी विकत घेऊं पाहत होता, आणि गडी कोणत्याही दुकानांत मिळत नाहींत. अकरा माणसांच्या घरांत राहून एखाद्या मुलास खेळगडी मिळूं नयेत, ही पैशाच्या उधळपट्टीहून मोठी तूट होय. वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "शनिवारीं रात्रीं मी बसेन. पण नियम मला मराठींत समजावून द्यायचे." तेव्हांपासून नवी पेटी आली नाहीं, आणि त्या पांचांपैकीं तीन उघडल्या गेल्या. एका खेळांत आमच्या वहिनी आतां त्याला नेहमीं हरवितात.

ह्यावरून काटकसरीचें पहिलें सूत्र निघतें: पेटी घेण्यापूर्वीं गडी मोजावे. एकत्र कुटुंब हें ह्या बाबतींत मोठें भांडवल आहे, आणि तें फुकट आहे. तें भांडवल काय करूं शकतें ह्याचा दाखला बुद्धिबळाच्या इतिहासांत सांपडतो. स्त्रियांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ सालीं सुरू झाली. मुंबईच्या खाडिलकर घराण्यांतील वासंती, जयश्री व रोहिणी ह्या तिघी बहिणींनीं त्या स्पर्धेच्या पहिल्या दहा वर्षांतील सर्व अजिंक्यपदें आपसांत वांटून घेतलीं; पुढें १९८१ सालीं रोहिणीबाई आशियाच्या अजिंक्य झाल्या. गुण त्यांचे स्वतःचे होते, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत तोडीस तोड गडी समोरच बसलेला असतो, त्या घरांत पट धूळ खात पडत नाहीं, हेंही तितकेंच खरें. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळ चालवून हीच सोय गांवास करून दिली. पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे मूळच्या त्याच सांगलीच्या. गडी एका जागीं जमले कीं चार साध्या पटांवरही मोठी विद्या उभी राहते.

गडी जमले, पण पैसा मुळींच खर्चावयाचा नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्याचीही सोय आहे, आणि ती आमच्या गांवाच्या नांवांतच आहे. चिंचोक्यांचा खेळ बहुतेकांच्या आजींस ठाऊक असतो. कोठें त्यास चल्लस-आठ म्हणतात, कोठें चंपूल. नव्या पिढीकरितां तो थोडक्यांत सांगतों. जमिनीवर अथवा जाड कागदावर पांच ओळींत पांच पांच, अशीं पंचवीस घरें आंखावीं. चारी बाजूंच्या मधल्या घरांत व अगदीं मध्यावरच्या घरांत फुली मारावी. फुलीच्या घरांत कोणाची सोंगटी मरत नाहीं. चार गडी चार बाजूंस बसतात. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपापल्या फुलीवरून निघून बाहेरचीं सोळा घरें फिरतात, मग आंतलीं आठ घरें उलट दिशेनें फिरतात आणि शेवटीं मधल्या घरांत जाऊन पिकतात. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आंतल्या घरांत प्रवेश नाहीं. दोन चिंचोके उभे फोडले कीं चार डाळी मिळतात. त्यांची आंतली बाजू पांढरी व बाहेरची काळसर असते. त्या टाकल्यावर जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितकें दान. चारी पांढऱ्या आल्या तर चार, आणि चारी काळ्या आल्या तर आठ. चार किंवा आठ पडल्यास, अथवा सोंगटी मारल्यास, पुन्हां दान मिळतें.

ह्या खेळांत गणितही दडलेलें आहे. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणांत पडतात असें धरलें, तर चार डाळी पडण्याच्या तऱ्हा सोळा. त्यांत दोनाचें दान सहा तऱ्हांनीं येतें, एक व तीन हीं प्रत्येकीं चार तऱ्हांनीं, आणि चार व आठ हीं केवळ एकेका तऱ्हेनें. सातवी-आठवीच्या मुलांस संभाव्यतेचा धडा समजत नसेल, तर त्यांस शंभर वेळां डाळी टाकून नोंद करावयास सांगावें. शिकवणीचा एक तास वांचला, तर तोही ह्याच खेळाच्या जमेस धरावा.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. जाणत्यांचे खेळ निराळे. तसें नाहीं. औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा ह्यांनीं १८७१ च्या सुमारास 'क्रीडाकौशल्य' नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यांच्या 'बृहज्ज्योतिषार्णव' ह्या मोठ्या ग्रंथाचा तो भाग होय. बुद्धिबळ, सारीपाट, गंजिफा असे बैठे खेळ त्यांनीं शास्त्र म्हणून वर्णिले. ज्योतिष जाणणाऱ्या विद्वानास ज्या विषयावर लेखणी चालवावीशी वाटली, तो विषय हलका नव्हे. आणि ह्या खेळांतील पुष्कळशा खेळांचें साहित्य घरच्या घरीं होत असे. सारीपाटाचा पट कापडाचा. तो घरींच शिवतां येई, घडी घालून पेटींत ठेवतां येई व मळला तर धुतां येई. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशीं जोडते तो मोक्षपटही हातानें रेखिलेलाच असे. सद्गुणांच्या शिडीनें वर चढावें, दुर्गुणांच्या सर्पमुखांतून खालीं यावें व अखेर वैकुंठीं पोंचावें, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोच खेळ इंग्लंडांत छापला जाऊं लागला, आणि पुढें 'सापशिडी' म्हणून छापील स्वरूपांत आपल्याच घरीं परत विकत आला.

हातानें पट करण्याचा दुसरा लाभ असा कीं, जो पट करतो तो नियम विसरत नाहीं. आठवड्याच्या सुटींत एका मुलानें घरें आंखावीं, दुसरीनें फुल्या रंगवाव्या, तिसऱ्यानें कपड्यांच्या जुन्या गुंड्या वेंचून सोंगट्या कराव्या. अशा पटावर पहिला डाव सुरू होण्यापूर्वींच निम्मी करमणूक झालेली असते, आणि तिचें मूल्य कोणत्याही हिशेबांत धरलेलें नसतें.

जो थोडा खर्च करूं शकतो त्यानें एक चांगला पत्त्यांचा जोड घ्यावा. ह्याहून अधिक भागाकार होणारी वस्तु मला तरी ठाऊक नाहीं. बावन पानांत लहानांचा झब्बू व बदाम सात, तिघांचा पांच-तीन-दोन, चौघांचा मेंढीकोट, सवड असेल त्यांस रमी आणि ज्यांस डोकें शिणविण्याची हौस त्यांस ब्रिज, असे सहा खेळ सांगून झाले तरी यादी संपत नाहीं. नव्या पेटींत बहुधा एकच खेळ असतो. जुन्या जोडांत अर्धा डझन.

तरी तरुणांस नवी पेटी हवीच असेल, तर तीस विरोध करूं नये. तिला नियम लावावे. आमच्या घरीं ठरले ते नियम येथें देतों; प्रत्येकानें आपल्या घराप्रमाणें त्यांत फेर करावा.

पहिला नियम असा कीं, खेळल्यावांचून खेळ विकत घेऊं नये. मित्राच्या घरीं, किंवा मुंबई-पुण्यांतील ज्या उपाहारगृहांत तासाप्रमाणें पैसे घेऊन असे खेळ खेळावयास देतात तेथें, एकदां बसून पाहावें. तासाचे शेंदोनशें रुपये गेले तरी तीन हजार वांचतात. पुष्कळ प्रकाशक नियमावली आंतरजालावर फुकट वाचावयास ठेवतात. ती आधीं वाचावी. नियम वाचतांनाच कंटाळा आला, तर पेटीही माळ्यावरच जाईल हें समजावें.

दुसरा नियम पुरवण्यांचा. ह्या धंद्याचा नफा बराचसा पुरवण्यांत असतो. मूळ खेळ घेतला कीं नवे पत्ते, नवे पट, नव्या रंगाच्या सोंगट्या अशा पेट्या मागोमाग निघतात. मूळ खेळ बारा वेळां खेळून झाल्याखेरीज पुरवणी आणूं नये. पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस प्रत्येक डावाची तारीख व गड्यांचीं नांवें लिहावीं. बारा ओळी भरल्या कीं नाहीं हें कोणालाही दिसतें, आणि वाद राहत नाहीं.

तिसरा नियम अदलाबदलीचा. समजा, पांच घरांनीं मिळून ठरविलें कीं प्रत्येकानें वर्षांत एकच पेटी घ्यावयाची, आणि दर दोन महिन्यांनीं ती पुढच्या घरीं द्यावयाची. तीन हजारांच्या हिशेबानें प्रत्येक घराचा खर्च तीन हजार, आणि खेळावयास मिळाले पंधरा हजारांचे खेळ. शाळेचें ग्रंथालय ज्यांनीं सांभाळलें आहे त्यांस ह्यांतील मर्म ठाऊक असतें: वस्तु देतांना मोजावी, घेतांना पुन्हां मोजावी व दोन्ही वेळां वहींत सही घ्यावी. पेटींत सोंगट्या किती, पत्ते किती, फांसे किती, ह्याची यादी झांकणांत चिकटवून ठेवावी. जुनी पेटी विकत घेतांनाही हाच नियम. यादीशीं ताडून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

चौथा नियम जतनाचा. हरवलेल्या सोंगटीपायीं नवा संच आणणें हें आळसाचें लक्षण आहे. गुंडी, कवडी अथवा चिंचोका ती जागा भरून काढतो. आमच्या भागांत पावसाळ्याचे चार महिने हवेंत ओल असते. भिंतीला टेकून ठेवलेली पेटी बुरसते, पुठ्ठा फुगतो, पत्ते एकमेकांस चिकटतात. पेटी भिंतीपासून दूर, उंच जागीं ठेवावी. औषधांच्या बाटल्यांतून व जोड्यांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या ज्या लहान पुड्या येतात त्या फेंकून न देतां पेटींत घालाव्या, मात्र लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. पत्त्यांस रबरी कडें लावूं नये, तें दमट हवेंत चिकटतें व कडा खातें. सुती पट्टी बांधावी. कॅरमच्या फळीवर भुकटी चिमूटभरच टाकावी, खेळून झाल्यावर सुक्या फडक्यानें पुसावी व फळीस कापडाची खोळ घालावी. हें न केल्यास फळी वांकते, आणि वांकलेल्या फळीवर चांगला नेमबाजही हरतो.

येथवर पैसा कोठें वांचवावा हें सांगितलें. कोठें वांचवूं नये, हेंही सांगणें अवश्य आहे. कारण काटकसर निराळी आणि कद्रूपणा निराळा. दुसऱ्यानें रचलेल्या खेळाचे पत्ते झेरॉक्स करून वापरणें, अथवा कोणाचें नांव चोरून छापलेली नकली पेटी घेणें, ही काटकसर नव्हे. खेळ रचणाऱ्यास त्याचा मोबदला न मिळाल्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेंत एलिझाबेथ मॅगी नांवाच्या बाईंनीं 'जमीनदाराचा खेळ' रचून १९०४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. कांहीं थोड्यांनींच जमिनी बळकावल्या कीं बाकीच्यांचे काय हाल होतात, हें लोकांस दाखवावें हा त्यांचा हेतु. पुढें तीस वर्षें लोक मेणकापडावर घरीं पट आंखून, आपल्या गांवच्या रस्त्यांचीं नांवें घालून तो खेळत. १९३५ सालीं एका कंपनीनें त्याचेंच बदललेलें रूप 'मोनॉपॉली' म्हणून बाजारांत आणलें व अपार पैसा मिळविला; बाईंच्या पदरीं पेटंटाबद्दल पांचशें डॉलर पडले. आपल्याकडे 'व्यापार' म्हणून घरोघर गेलेला, मुंबईच्या पेठांचा पट तो ह्याच घराण्यांतला. घरीं हौसेनें पट आंखणाऱ्या कुटुंबांनीं त्या बाईंचें कांहीं बुडविलें नाहीं. त्यांच्या श्रमांवर पेढी चालविणाऱ्यांनीं बुडविलें. हा फरक मुलांस समजावून सांगावा. कित्येक रचनाकार आपले खेळ छापून घेण्यास स्वतः होऊन मोकळे ठेवतात. ते खुशाल छापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून खेळावे.

दुसरा विषय सावंतवाडीच्या गंजिफाचा. दशावतारी गंजिफांत एकशेंवीस वाटोळीं पानें. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्यापासून दहापर्यंत दहा पानें. खेळणारे तिघे. दिवसा रामाच्या रंगानें आरंभ करावयाचा आणि रात्रीं कृष्णाच्या. पूर्वीं श्रीमंतांकरितां हस्तिदंताच्या व सामान्यांकरितां कापडा-कागदाच्या गंजिफा होत. पानें निराळीं, पण डाव तोच. पुढें विलायती छापील पत्ते स्वस्तांत आले आणि हातानें रंगविणाऱ्या चिताऱ्यांचा धंदा बसला. १९७० नंतरच्या दशकांत सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं राजवाड्यांत चिताऱ्यांस बसवून ही कला पुन्हां उभी केली. हातानें रंगविलेला संच छापील जोडाच्या कित्येक पट महाग असतो आणि तो तसाच असावयास हवा, कारण त्यांत एका माणसाचे पुष्कळ दिवस गेलेले असतात. ज्यास शक्य असेल त्यानें लग्नामुंजींत अहेर म्हणून असा एखादा संच द्यावा; भाव पाडून मागूं नये. दहा पेट्यांचा पैसा वांचवून एका कारागिराच्या हातीं गेला, तर ती काटकसर सफल झाली.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. पटावर पैसा लावूं नये. एक रुपयाही नको, दिवाळीच्या दिवशींही नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हें जुगाऱ्याचें आत्मकथन आहे. त्यांतील माणूस फांशापायीं बायकोचें प्रेम व घरदार घालवून बसतो. द्यूतसभेची कथा तर घरोघर ठाऊक आहे. आज फांसे मोबाइलमध्यें शिरले. ज्या ल्यूडोच्या चार रंगांवर लहानपणीं आपण हंसलों-रडलों, त्याच रंगांवर तरुण मुलें रात्रीं पांघरुणाखालीं पगार लावूं लागलीं. २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या असल्या आंतरजालीय खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कायदा आपल्या जागीं आहे; पण पांघरुणाखालीं काय चाललें आहे हें कायद्याच्या आधीं घरास कळावयास हवें, आणि तें कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे आठवड्यांतून एक रात्र सर्वांनीं एका पटाभोंवतीं बसणें. जो मुलगा घरच्यांबरोबर हंसत हरतो, त्याला चोरून जिंकण्याची गोडी सहसा लागत नाहीं. पेटीवरचे तीन हजार घराला जड वाटतात. पण मुलगा ह्या दुसऱ्या वाटेस लागला, तर त्याच्या हिशेबास भाजकच उरत नाहीं.

तेव्हां घरच्या वडीलमंडळींस विनंति अशी कीं, पेटीची किंमत विचारण्यापूर्वीं "मी कोठें बसूं?" असें विचारावें. आणि तरुणांस विनंति अशी कीं, नवी पेटी आणण्यापूर्वीं जुन्या पेटीच्या झांकणांतील ओळी मोजाव्या.

वाचकांच्या घरीं चिंचोक्यांचा, कवड्यांचा अथवा सोंगट्यांचा एखादा खेळ आजी-आजोबांच्या तोंडून चालत आला असेल, तर त्याचे नियम व पटाची आकृति कागदाच्या एका बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवावी. त्यांतील निवडक खेळ पुढें ह्याच पानांत देण्याचा विचार आहे. त्यांस पैसा लागणार नाहीं. शनिवारची एक रात्र मात्र लागेल.